पाचूबंदरच्या सुकाणूवरचा थर

"वसईला? किल्ला बघायला चाललीस होय?" आमच्या गल्लीतल्या काकूंनी विचारलं.

"नाही हो, लोखंडावर नायलॉन शिंपडायला," मी म्हटलं. रिटायर झाल्यावर काहींच्या डोक्यावर परिणाम होतो, असं काकूंच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

तर आधीच सांगून टाकते. मी वसईत पाच दिवस राहिले आणि किल्ला बघितला नाही. समुद्र बघितला, पण तोही कमरेइतक्या पाण्यात उभं राहून, आणि त्याचं वर्णन सुंदर वगैरे होणार नाही.

मी सत्तावीस वर्षं कोल्हापुरात एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवलं. आता उद्यमनगरात पत्र्याच्या शेडमध्ये एक पावडर बनवते. नायलॉनची पावडर, आणि तिच्यात सिलिका. सिलिका म्हणजे वाळूचीच जात, पण इतकी बारीक की साध्या मायक्रोस्कोपमधूनही तिचा कण दिसत नाही. ही पावडर गॅसच्या ज्योतीतून उडवायची. जाता जाता नायलॉन वितळतं, तापवलेल्या लोखंडावर पसरतं आणि थर बसतो. नायलॉन पाणी अडवतं, सिलिका ओरखडे अडवते. ऐकायला सोपं आहे. खरी मेख अशी की सिलिकाला गुठळ्या करायची खोड. पोळी लाटताना पिठी लाटीला सगळीकडून लागते ना, तशी ती नायलॉनच्या प्रत्येक कणाला लागली पाहिजे. हे जमवायला मला तीन वर्षं लागली.

पुण्याच्या एका चर्चासत्रात मी हे मांडलं तेव्हा एका मोठ्या कंपनीतले साहेब उभे राहिले. "समुद्रात हे टिकणार नाही. कुठंतरी कड सुटेल, आत पाणी शिरेल, आणि वरून गुळगुळीत दिसणारं लोखंड आतून कुजेल. उघडं लोखंड परवडलं, ते निदान कुजताना दिसतं. ही घरगुती कामं नव्हेत, बाई." लोक हसले. पहिलं सगळं खरं होतं. शेवटचं वाक्य मात्र घरी घेऊन आले आणि दोन वर्षं चावत बसले.

म्हणून दिनेशचा फोन आला तेव्हा मी तिकीट आधी काढलं आणि विचार नंतर केला. दिनेश माझा जुना विद्यार्थी. मूळ राजापूरचा, आता नालासोपाऱ्यात राहतो आणि सातिवलीच्या एका गाळ्यात व्हॉल्व्हना, पाइपांना असले थर चढवतो. "मॅडम, पाचूबंदरची एक बोट आहे," तो म्हणाला. "सुकाणूचा पत्रा दर वर्षी खाडीच्या तोंडावरची वाळू घासून नेते. रंग दोन महिने पण टिकत नाही. त्यांनी नवीन पत्रा बसवलाय. तुमची पावडर मारू या का?"

"मारू या," मी म्हटलं. नाद करायचा नाही आमचा.

मंगळवार, सातिवली

सातिवलीचं पहिलं दर्शन म्हणजे चिखल, टेम्पो आणि त्या टेम्पोंना मागं घ्यायला ओरडणारी माणसं. गाळ्याला गाळा लागून. एकात बाटल्यांची बुचं होतात, शेजारी बॅगांच्या चेन, त्याच्या पुढं बिस्किटांचं गोदाम. आमच्या उद्यमनगरात निदान लोखंडाचाच वास येतो. इथं दर दहा पावलांना वास बदलतो.

दिनेशच्या गाळ्यात सुकाणू दोन लोखंडी घोड्यांवर आडवं ठेवलं होतं. माझ्या खांद्याइतकं उंच, जाड पत्रा, वर दांडा. त्याच्याजवळ पीटर उभा होता, बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस.

"मॅडम, शनिवारी पावसाली मासेमारीची बंदी उठते," तो म्हणाला. "सकालच्या भरतीला बोट सुटली पायजे. माजे पाच खलाशी थांबलेत. मी नाय निघालो तर दुसऱ्या बोटीवर चढतील, मग आख्खा सीझन मना मानसं मिलत नाय."

"शुक्रवारी सुकाणू तुमच्या दारात," मी म्हटलं.

"आनि तो थर सुटला तर?"

प्रश्न साहेबांचाच होता, फक्त विचारणारा त्याच सुकाणूच्या जोरावर दर्यात जाणार होता. मी त्याला खरं तेच सांगितलं. थर नीट बसला तर वाळूला दाद देणार नाही. पण कुठं कड सुटली तर आतल्या आत पत्रा कुजेल आणि तुम्हाला कळणार नाही. म्हणून बोट सुटण्याआधी मी स्वतः बघेन, आणि खात्री नसली तर मीच नको म्हणेन.

पीटरनं मान हलवली. "तुमी सांगाल तसं."

एवढा विश्वास टाकला की झोप लागत नाही हो. नालासोपाऱ्याला दिनेशच्या घरी त्याच्या बायकोनं कुळथाची पिठी आणि भात केला होता. मी तिखट मागितलं तर तिनं घाबरत घाबरत मिरचीचा खर्डा आणला. तो मी भातात कालवला तसा दिनेशचा पोरगा ताट सोडून बघत बसला.

बुधवार, सातिवली

थर टिकायचा असेल तर लोखंड कोरं पाहिजे. त्यावर हवेच्या झोताबरोबर खडे मारायचे, पार राखाडी, खरखरीत होईपर्यंत. मग त्याला बोटसुद्धा लावायचं नाही, कारण बोटाचं तेल लागतं. आणि वसईच्या या हवेत ते फार वेळ उघडं ठेवायचं नाही. कोल्हापुरात मला अर्धा दिवस मिळतो. इथं भिंतीलाच घाम फुटलेला, तर लोखंडाचं काय घेऊन बसलात?

दुपारपर्यंत दिनेशनं सुकाणू असं काही साफ केलं की बघत राहावं. आम्ही त्यावर स्वच्छ प्लॅस्टिक टाकलं, शटर अर्ध्यावर ओढलं आणि कोपऱ्यावर जेवायला गेलो. फक्त वीस मिनिटं. येऊन लगेच तापवायचं आणि मारायचं, असा बेत होता.

परत आलो तर प्लॅस्टिक बाजूला. सुकाणूजवळ पीटर, आणि त्याच्याबरोबर त्याची आई, कोरीनमावशी. सत्तरीची, ताठ कण्याची, हातात प्लॅस्टिकची लहान बाटली. आणि त्या राखाडी पत्र्यावर वरपासून खालपर्यंत नारिंगी ठिपके.

"काय केलंत हे?" मी ओरडले. मला आठवतंय, शेजारचा बुचांचा कारखाना थांबला.

"देवलातलं पानी मारलं," मावशी म्हणाली. "आशीर्वादाचं. आमच्यात बोटीला नवीन काय लागलं का पयलं आशीर्वादाचं पानी."

"त्यात मीठ असतं?"

"फादर घालतात ना थोडं. मंतरून."

मी डोक्याला हात लावला. कोऱ्या लोखंडावर पाणी, तेही मिठाचं! गंज दिसतो तरी, खडे मारून काढता येतो. मीठ मात्र दिसत नाही. थराखाली चिमूटभर राहिलं तरी ते पाणी ओढतं आणि थराला आतून फोड येतात. साहेबांनी सांगितलेलं मरण ते हेच. मी मावशीला नाही नाही ते बोलले. अक्कल काढली, वय काढलं, शेवटी त्यांच्या देवालाही मध्ये ओढलं. पीटर खाली बघत होता.

मावशी मात्र एक पाऊल मागं सरली नाही. "बाय, तू कोल्लापूरची. तुजं लोकंड घरात ऱ्हातं. माजं लोकंड दर्यात जातं, आनि त्याच्याबरोबर माजा पोरगा जातो. ह्याचा बाप आशीर्वादाबगर नवीन दांडा लावून गेला व्हता. तो परत आला नाय. आता बोल."

खरं सांगायचं तर माझ्या शेडमध्ये पावडर फिरवायच्या यंत्राला मी दर दसऱ्याला हळदकुंकू लावते, नारळ फोडते. फरक एवढाच की मी बाहेरून लावते. मला लाज वाटली, पण राग गेला नव्हता, त्यामुळं माफी काही तोंडातून आली नाही.

दिनेश हळूच म्हणाला, "मॅडम, शुक्रवारी इथं लाइट बंद असते. पूर्ण दिवस. जे काय करायचं ते उद्या."

"मग उद्या," मी म्हटलं. "गोड्या पाण्यानं तीनदा धुऊ, परत खडे मारू, परत तापवू. मावशी, आम्ही ते धुवायच्या आधी, आजच, तुम्हाला हवं तेवढं पाणी शिंपडा. त्यानंतर एक थेंब नको."

मावशीनं मला वरून खाली न्याहाळलं. "म्हंजे मी आशीर्वाद द्यायचा आनि तुजी मशीन तो खरवडून काडनार?"

मी वळले आणि उद्यासाठी गोड्या पाण्याचे कॅन मोजायला घेतले.

गुरुवार, सातिवली

सकाळी सातला शटर उघडलं तर मावशी बाहेर उभीच. बाटली नव्हती. हातात जपमाळ होती.

"पानी नको म्हनालीस, बरं. पन मी हितं बसून माळ ओढनार. मोट्यानं. ती तुज्या लोकंडाला लागत नाय ना? मग मना कोन अडवतो ते बगू."

मी खुर्ची आणून दिली. दुसरं काय करणार! बाई माझ्याच वळणाची निघाली.

धुणं झालं, खडे मारून झाले. खडे संपत आले होते म्हणून दिनेशनं शेजारून मागून आणले. मोठे दिवे लावून गाळ्याची हवा कोरडी केली. मग नुसत्या ज्योतीनं सुकाणू तापवायला घेतलं. हाही एक संयमाचाच भाग. लोखंड थंड राहिलं तर पावडर रव्यासारखी दाणेदार बसते आणि बोटानं निघते. जास्त तापलं तर नायलॉन करपून पिवळं पडतं. आधी एका पत्र्याच्या तुकड्यावर मारून बघितलं, तर रवा. दुसऱ्या तुकड्यावर परत रवा.

चूक दिनेशच्या हाताची होती. व्हॉल्व्ह मारताना त्याचा हात असा चालतो की मी शिकवावं असं काही उरलेलं नाही. पण काल पीटरच्या वडिलांचं ऐकल्यापासून तो बिथरला होता. कडेशी आला की हात पळायचा आणि कड थंडच राहायची.

"दिनेश, सावकाश."

"सावकाशच करतोय मॅडम."

"कुठं सावकाश? पळतोयस तू!"

त्याच्या कपाळावरचा घाम चष्म्यात उतरत होता. पावडर मी मोजकीच आणली होती. अजून दोन तुकडे वाया गेले तर सुकाणूला पुरली नसती.

बाहेर मावशीनं माळ सुरू केली. कॉम्प्रेसर धडधडत होता, तरी तिचा आवाज सरळ आत येत होता. मासळी बाजारात तीस वर्षं ओरडलेला गळा तो. "नमो मरिये" पासून सुरू, एका लयीत, ना घाई ना आळस, एक मणी संपला की दुसरा. मला आधी त्रासच झाला. शटर लावून घ्यावं म्हणून वळले आणि दिनेशच्या हाताकडं लक्ष गेलं. एका मण्याला त्याचा हात पत्र्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जात होता. दुसऱ्या मण्याला परत येत होता. कडेशी पळत नव्हता. तुकड्यावरचा थर ओला दिसला, मग सपाट झाला, मग साय धरावी तसा गुळगुळीत.

"दिनेश, हेच. असाच चालव."

"मी कुठं चालवतोय मॅडम," तो ज्योतीवरची नजर न काढता म्हणाला, "ती चालवतेय."

मी शटर लावलं नाही. उलट बाहेर गेले आणि म्हटलं, "मावशी, थांबू नका. एक बाजू होईपर्यंत थांबू नका."

"मी थांबायला आलेयच कशाला?" ती म्हणाली आणि पुढचा मणी ओढला.

दोन्ही बाजू, दांडा, कडा, सगळं होईपर्यंत दुपार टळली. मावशीला मी मध्ये चहा पाजला, तोही तिनं दोन मण्यांच्या मध्ये घोट घोट घेतला. शेवटची कड झाली तेव्हा तिचा घसा बसला होता आणि दिनेश दंड चोळत होता. सुकाणू हळूहळू निवत काळं, चमकदार पडलं होतं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांना भूक लागली होती.

शुक्रवार, पाचूबंदर

लाइट नव्हती, पण आता तिची गरजही नव्हती. टेम्पोतून सुकाणू घेऊन आम्ही पाचूबंदरला पोचलो. बंदीच्या शेवटच्या दिवशी कोळीवाडा म्हणजे आमच्याकडच्या बेंदराच्या आदल्या दिवसासारखा. तिथं बैलांची शिंगं रंगवतात, इथं बोटींच्या कडा. जाळी शिवत बसलेल्या बायका, बर्फाच्या गाड्या, दोऱ्यांची वेटोळी.

मी सगळ्यांसमोर सुकाणूची परीक्षा घेतली. छिन्नीनं कोपऱ्यात टोचलं, लाकडी हातोड्यानं ठोकत गेले, आवाज कुठं पोकळ येतोय का ऐकलं. कुठंच आला नाही. एक म्हातारे कोळी बघत होते. ते म्हणाले, "प्लॅस्टिक शेवटी प्लॅस्टिकच. एक दगड लागला का कांद्यासारखं सोलून येल." मी म्हटलं, "आजोबा, या की तुम्ही, सोला." त्यांनी कमरेचा सुरा काढला आणि खरंच दाबून ओढला. पांढरी रेघ उठली. त्यांनी अंगठ्यानं पुसली, परत बघितली, सुरा म्यानात ठेवला आणि जाळ्याकडं निघून गेले.

मावशीच्या घरी जेवले. दोन महिने बोट बंद, म्हणून ताजी मासळी नाही. सुक्या बोंबलाचं कालवण, सुकट घालून वांगं, तांदळाची भाकरी. आमची भाकरी मोडावी लागते, ही नुसती दुमडते. तिथं ताटावर मी शेवटी म्हटलं, "मावशी, बुधवारी मी वाईट बोलले. चुकलं माझं."

"बोललीस खरं," ती म्हणाली. "मी पन तुजं लोकंड गंजवलं. खा आता, थंड व्हतं."

कालवण तिखट होतं. मी खर्डा मागितला नाही, याची नोंद आमच्या गावकऱ्यांनी घ्यावी.

शनिवार, पाचूबंदर

सकाळी आठच्या सुमारास भरती चढली. सुकाणू आदल्या संध्याकाळीच बसवलं होतं. वर पाचही खलाशी चढलेले, बोटीला हार, काठावर अख्खा पाडा. मावशीनं आपली बाटली आणली होती. मी म्हटलं, "आता ओता मावशी, बादलीभर ओता. आता ते आत जात नाही." तिनं बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, इंजिनावर, पोराच्या डोक्यावर शिंपडलं आणि उरलेलं सगळं सुकाणूवर रिकामं केलं.

पीटरनं बोट मागं घेतली. आणि तेवढ्यात बाहेरून एक मोठी लाट आत आली. तिनं बोटीचा मागचा भाग उचलला आणि जेट्टीच्या जुन्या दगडी पायऱ्यांवर नेऊन घासला. खर्रर्र असा आवाज झाला. काठावरची बायामाणसं पायऱ्यांकडं धावली. पीटरनं इंजिन बंद केलं, दोर फेकला, बोट परत बांधली.

वरून त्यानं माझ्याकडं बघितलं. "मॅडम, सुकान लागलं. जाऊ का नको? पाच मानसं हायत बोटीवर. तुमी सांगा."

मागून ते कालचे आजोबा म्हणाले, "नको जाऊ रे. सुटला आसल आतून." खलाशांतला एक उठून उभा राहिला. शेजारच्या बोटीवर जागा होती, सगळ्यांना माहीत होतं. साहेबांचं वाक्य माझ्या कानात शब्दन् शब्द वाजत होतं आणि मला भीती वाटत होती. लपवून काय करू? माझ्या एका शब्दावर सहा जण खवळलेल्या दर्यात जाणार होते.

मी चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि पायऱ्या उतरून पाण्यात गेले. दिनेश ओरडला, "मॅडम, अहो, तुम्हाला पोहता येतं का?" येत नाही. मी दोर धरला. पाणी कमरेपर्यंत, गढूळ, डोळ्यांना काही दिसेना. एका हातानं दोर धरून मी दुसरा हात सुकाणूवर खालून वर फिरवला. गुळगुळीत, गुळगुळीत, आणि मग लागलं. खालच्या कडेला वीतभर लांब चर. दगडानं थर कापला होता.

नुसत्या चराचं काही नव्हतं, तो नंतर बुजवता येतो. प्रश्न चराच्या काठाचा होता. काठ उचलला असला तर पीटरला थांबवायचं, सगळ्या पाड्यासमोर "माझं चुकलं" म्हणायचं आणि कोल्हापूरला जायचं. मी अंगठ्याचं नख त्या काठाखाली घातलं आणि जीव खाऊन उचकटलं. एकदा. दोनदा. वीतभर चराच्या दोन्ही बाजूंनी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिसऱ्यांदा जोर लावला तसं काहीतरी कटकन मोडलं. मी हात पाण्याबाहेर काढून बघितला. नख मुळापासून मोडलं होतं. परत हात घालून चाचपलं. थर होता तिथंच होता.

"पीटर!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की माझाच मला आवाज ओळखू आला नाही. "जा! थरानं पकडलंय! जा तू, बिनधास्त जा!"

इंजिन सुरू झालं. उभा राहिलेला खलाशी खाली बसला. बोट मागं सरकली, वळली आणि खाडीच्या तोंडाकडं, त्या घासणाऱ्या वाळूकडं सरळ निघाली. तिच्या मागं दुसऱ्या बोटी सुटल्या. आजोबांनी मला हात दिला आणि पायरीवर ओढून घेतलं.

मावशी जवळ आली. तिनं माझा हात आपल्या हातात घेतला, अंगठा वळवून बघितला. "बाय, रगत आलंय तुजं."

"येऊ दे," मी म्हटलं.